ताई, तू लाईव्ह बंद केलंस

प्रिय ताई,

2 नोव्हेंबरला मी बाबांच्या कबरीवर मेणबत्त्या लावल्या. साडेचार वर्षांत पहिल्यांदा. दरवर्षी ऑल सोल्सला, म्हणजे मृतांच्या स्मरणाच्या या दिवशी, आई एकटी जायची, मी काहीतरी कारण काढून घरी थांबायचो. या वेळी मीच पिशवी घेऊन पुढे निघालो तेव्हा ती काहीच बोलली नाही, फक्त चालता चालता माझ्या कोपराला धरलं. त्या रात्रीपासून तुला, रील्समधून देवाबद्दल बोलणाऱ्या माझ्या ताईला, लिहायचं होतं. इनबॉक्समध्ये लिहिलं असतं तर तू नेहमीसारखं 'अरे, त्यात काय' म्हणून विषय संपवला असतास. म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

बाबा एप्रिल 2021 मध्ये कोविडने गेले. तेव्हा चर्च बंद होती. अंत्यविधीला माणसं मोजून. आमच्या वसईत माणूस गेला की अख्खा गाव दारात येतो, बँड असतो, गाणी असतात. बाबांना काही मिळालं नाही. आयुष्यभर पहाटे तीनला उठून सोनचाफा खुडणारा, पानांत बांधून पहिल्या लोकलने दादरला नेणारा माणूस. त्यांच्या शवपेटीवर एक फूलही ठेवू दिलं नाही.

ते हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा आमच्या युवकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्यांनी प्रार्थना केली होती. हात जोडलेले शेकडो इमोजी. ते गेल्यावर दोन महिन्यांनी एका रात्री मी त्याच ग्रुपवर लिहिलं, 'एवढ्या जणांनी मागितलं, मग देवाने का ऐकलं नाही?' सकाळी बघितलं तर माझ्या ओळीखाली तीन गुड मॉर्निंग, गुलाबाची चित्रं आणि कसल्याशा स्पर्धेचं पोस्टर. दुपारी ग्रुपची सेटिंग बदलली. आता फक्त अ‍ॅडमिनच मेसेज पाठवू शकत होते. मी सतरा वर्षांचा होतो. दार लावल्याचा आवाज मी त्या दिवशी मोबाईलमध्ये ऐकला.

त्यानंतर एका ऑनलाइन प्रार्थनासभेत धीर करून विचारलं. तिथल्या माणसाने सांगितलं, घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडला असेल. ताई, माझी आई चौदा दिवस जमिनीवर गुडघे टेकून होती. ते वाक्य मी तिला आजपर्यंत सांगितलेलं नाही. या पत्रातून तिला कळेल, तर कळू दे. ज्यांनी हे केलं त्यांची नावं मी घेणार नाही. पण दहा जणांना बायबलचं वचन पाठवलं की आशीर्वाद मिळतो असं जे लिहितात, त्यांना एवढंच सांगायचंय की त्या दहांतला एक जण रात्री जागा असतो आणि त्याला वचन नको असतं, माणूस हवा असतो.

मग या वर्षीच्या 24 जानेवारीला तुझी रील समोर आली. सेंट फ्रान्सिस डी सेल्सचा सण होता. तू सांगत होतीस की 1594 मध्ये ते आल्प्सच्या पायथ्याशी शाब्लेला गेले तेव्हा त्यांचं प्रवचन ऐकायला जवळजवळ कुणी येईना. मग ते आपलं म्हणणं कागदावर लिहून लोकांच्या दाराखालून आत सरकवू लागले. 1923 मध्ये पोपनी त्यांना पत्रकारांचे आश्रयदाते संत केलं, ते याच कागदांमुळे. मागे कसलंही संगीत नव्हतं. स्वयंपाकघरात उभी राहून तू बोलत होतीस, मागे कुकरची शिट्टी झाली तीही तशीच ठेवली होतीस. आणि शेवटी आपल्या घरच्या सामवेदी बोलीत एकच वाक्य बोललीस. मी ती रील चार वेळा पाहिली. बाबा गेल्यापासून देवाबद्दल कुणी माझ्याशी घरच्या बोलीत बोललंच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात संत गोन्सालो गार्सियांवरची रील आली. ते आपल्या वसईचे, 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर प्राण दिलेले, हे मी शाळेपासून ऐकत आलो होतो. पण ते आधी व्यापारी होते, जपानी इतकं छान बोलायचे की फ्रान्सिस्कन मिशनरींना दुभाषी म्हणून त्यांचाच आधार होता, हे मला तुझ्यामुळे कळलं. खाली तू प्रश्न विचारायला जागा ठेवली होतीस. मी लिहिलं, 'देव ऐकतो हे कशावरून?' मला वाटलं, याच्यावर आता एक रील होणार.

रील झाली नाही. तुझा मेसेज आला, 'कोण गेलं तुझं?'

त्यानंतर आपण किती दिवस बोललो ते इथे सांगत बसत नाही. सांगायची आहे ती त्या शुक्रवारची गोष्ट. तुझी रात्री नऊची रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, लाईव्ह चालू होती. वरच्या कोपऱ्यात आकडा 340 दिसत होता. लोक मृतांची नावं लिहीत होते आणि तू एकेक वाचत होतीस. मी बाबांचं नाव लिहिलं, पुसलं, परत लिहिलं, पाठवलं. तू वाचलं नाहीस. पुढची नावं घेतलीस, शेवटचा क्रूस केलास, सगळ्यांना शुभरात्री म्हणालीस आणि लाईव्ह बंद केलंस. मला वाटलं, परत तेच.

दोन मिनिटांत तुझा फोन आला. साधा कॉल, व्हिडिओही नाही. म्हणालीस, 'तुझ्या बाबांचं नाव घाईत नको होतं घ्यायला. आता आपण दोघंच आहोत. माळ आहे का जवळ?' माझ्याकडे नव्हती. तू म्हणालीस, 'बोटं आहेत ना, दहाच मणी आहेत.' आणि प्रत्येक मण्याआधी तू बाबांचं नाव घेतलंस. दहा वेळा. सावकाश. मधेच थांबून विचारलंस, 'ते कुठली फुलं लावायचे रे?' मी चाफा म्हणालो आणि मग मला बोलता आलं नाही. तूही बोलली नाहीस. फोन मात्र ठेवला नाहीस. किती वेळ गेला माहीत नाही, पलीकडे तुझ्या घरातल्या पंख्याचा आवाज येत होता.

माझ्या प्रश्नाचं उत्तर तू त्या रात्री दिलं नाहीस. अजूनही दिलेलं नाहीस. पण बाबांच्या पेटीपाशी जी प्रार्थना नीट झाली नव्हती, ती त्या रात्री झाली.

तू नंतर कधीच म्हणाली नाहीस की ये, कॅमेऱ्यासमोर साक्ष दे. माझ्यासारख्या मुलाची गोष्ट किती जणांनी पाहिली असती हे तुला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. 7 सप्टेंबर 2025 ला इटलीतल्या कार्लो अ‍ॅक्युटिसला संतपद मिळालं, तो सोहळा आपण सगळ्यांनी मिळून आपापल्या स्क्रीनवर पाहिला. सगळीकडे त्याने बनवलेल्या वेबसाइटचं, कम्प्युटरचं कौतुक चाललं होतं आणि ते व्हायलाच हवं. पंधराव्या वर्षी, 2006 मध्ये, ल्युकेमियाने गेलेला मुलगा. पण तू आम्हाला मिलानच्या रस्त्यावर राहणाऱ्या माणसांबद्दल सांगितलंस, ज्यांना तो मदत करायचा. मला तेव्हा तुझा शुक्रवारचा फोन आठवला.

आजकाल धर्मग्रामाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, बैठकीत तरुणांपर्यंत कसं पोचायचं यावर बोलणं निघतं. कुणी चांगला कॅमेरा घ्या म्हणतं, कुणी ड्रोन. घ्या, मी विरोधात नाही, व्हिडिओ मीच एडिट करून देतो. पण त्या दिवशी मी उभं राहून विचारलं की रात्री बारा वाजता कुणी उलट लिहिलं तर उत्तर कोण देणार? बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरच्या एका काकूंनी हात वर केला. म्हणाल्या, मला टायपिंग येत नाही, पण मला झोप कमी आहे, शिकवाल तर बसेन. मी त्यांना शिकवतोय. जोडाक्षरं अजून चुकतात. आमच्या गावात अशी माणसं होतीच, ताई, मीच त्यांच्याकडे बघायचं सोडलं होतं.

आमचा ग्रुप आता पुन्हा सगळ्यांना लिहिण्यासाठी खुला झालाय. मीच ते करायला लावलं. गुड मॉर्निंगचे गुलाब येतात अजून, येऊ देत.

आई विचारतेय, त्या मुलीला काय द्यायचं. बाबांची चाफ्याची सहा झाडं अजून आहेत. मी सकाळी उठून खुडतो, त्यांच्याइतका हात भरभर चालत नाही. या दिवसांत फुलं कमी असतात, पण ओंजळभर निघतील. येत्या रविवारी मी तुमच्या चर्चला सातच्या मिस्सेच्या प्रार्थनेला येतोय. फाटकापाशी थांबेन. हातात पानाचा पुडा असेल, त्यावरून ओळखशील.

तुझा,
दहा मणी बोटांवर मोजणारा भाऊ