श्रीवर्धनच्या कोळीवाड्यातल्या मंडळींचे आभार

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धनमध्ये घरांवर पत्रे घालून देण्याचं काम माझ्याकडे होतं. पत्र्यांचा ट्रक आला, पण ठरलेले हमाल आलेच नाहीत. वरून पाऊस, वाटेत सुपारीची झाडं आडवी. ट्रक आत जाईना. तेव्हा तुम्ही न बोलावता आलात, हातांना फडकी गुंडाळून, दोघादोघांनी एकेक पत्रा धरून सगळा माल पडवीत नेऊन ठेवलात. तुमच्यातल्या एका मावशींच्या घरावर नुसती ताडपत्री होती. तरी "आधी त्या म्हातारीचं छप्पर करा, तिला कोणी नाही" म्हणत त्यांनी आपल्या वाट्याचे पत्रे तिला दिले. होडीचा दोर आणून ते घट्ट बांधूनही घेतले. मदत कुणाला आधी पोचायला हवी, हे आमच्या यादीपेक्षा त्यांना नेमकं ठाऊक होतं. मावशी, दादा, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.