शस्त्रक्रियेनंतरच्या रात्री वॉर्डात परिचारिका किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'महिलेच्या पोटातून पाच किलोचा गोळा काढला' अशा मथळ्याच्या बातम्या वृत्तपत्रांत नेहमी येतात आणि सोबत शल्यचिकित्सकांचे छायाचित्र असते. त्यांचे कौतुक व्हायलाच हवे. मात्र टाके घालून झाल्यावर तो रुग्ण पुढची रात्र कोणाच्या नजरेखाली काढतो, हे बातमीत येत नाही आणि नातेवाईकही विचारत नाहीत. शस्त्रक्रियागृहात आणि सर्जिकल वॉर्डात परिसेविका म्हणून काम केले असल्याने याविषयी लिहावेसे वाटले.

शस्त्रक्रियेआधीची तयारी बाहेरच्यांना किरकोळ वाटते. जोडवी आणि बांगड्या उतरवून घेणे, कवळी काढायला लावणे, नखांचा रंग पुसणे (बोटाला लावलेल्या ऑक्सिजनच्या चिमट्याचा आकडा त्या रंगामुळे चुकू शकतो) ही कामे परिचारिकेचीच. उपाशी राहण्याचा प्रश्न मात्र नाजूक असतो. भूल देण्यापूर्वी हलके जेवण किंवा दुधाचा चहा सहा तास आधी थांबवावा आणि साधे पाणी बहुतेक रुग्णांना दोन तास आधीपर्यंत चालते, हे आज सर्वमान्य असले तरी 'रात्री बारापासून पाण्याचा थेंबही नाही' ही सरसकट सूचना अजून सुटत नाही, आणि यादीत शेवटचा नंबर लागलेले आजोबा दुपारपर्यंत कोरड्या तोंडाने पडून राहतात. उलट बाजूला, माया दाखवून घोटभर चहा पाजणारे नातेवाईकही असतात. म्हणून अनुभवी सिस्टर 'काही खाल्लं का?' असे विचारत नाही, 'सकाळचा चहा किती वाजता झाला?' असे विचारते. मग खरे उत्तर मिळते.

शस्त्रक्रियागृहातील शिस्त त्या मानाने बसली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली आणलेल्या १९ मुद्द्यांच्या तपासणी सूचीनुसार रुग्णाचे नाव, शस्त्रक्रिया आणि बाजू मोठ्याने उच्चारली जाते आणि शेवटी मॉप (रक्त टिपायची कापडे), सुया व उपकरणे मोजली जातात. 'काउंट बरोबर' असे सिस्टरने सांगितल्याशिवाय चांगला सर्जन पोट बंद करत नाही. दिल्लीसह जगातील आठ शहरांत या सूचीचा अभ्यास झाला, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे दिसले. शिवाय शस्त्रक्रियागृहात एका रुग्णाभोवती पाच-सहा माणसे उभी असतात. वॉर्डात नेमके उलटे असते.

पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या एका बाईंची रात्र मला आठवते. नाडी ८८ होती, अर्ध्या तासाने १०४ झाली, मग ११८. रक्तदाब मात्र ११०/७०, म्हणजे कागदावर सर्व ठीक. त्या सारख्या पाणी मागत होत्या, कूस बदलू पाहत होत्या, आणि नातेवाईक म्हणत होते, 'सिस्टर, झोपेचं इंजेक्शन द्या ना.' हाताला कपाळ गार आणि ओलसर लागले. आतला रक्तस्राव असा येतो: नाडी आधी बोलते, रक्तदाब बराच उशिरा पडतो. डॉक्टरांना बोलावले, बाईंना पुन्हा टेबलावर घेतले, रक्तवाहिनीवर बांधलेल्या दोऱ्याची गाठ सुटली होती. त्या वाचल्या. ही काही माझी थोरवी नव्हे. त्या रात्री वॉर्डात आम्ही दोघी होतो, म्हणून एकीला त्यांच्याजवळ थांबता आले.

एरवी रात्रपाळीला एका परिचारिकेकडे तीस-चाळीस रुग्ण असणे माझ्या नोकरीत नित्याचे होते. हिशेब करून पाहावा. शस्त्रक्रियेहून आलेल्या रुग्णाची नाडी, श्वास, रक्तदाब, ड्रेन (आतला स्राव बाहेर काढणारी नळी) आणि लघवीची पिशवी सुरुवातीला दर पंधरा मिनिटांनी पाहायची असते. असे चार रुग्ण असले तर तासाला सोळा फेऱ्या, प्रत्येकी तीन मिनिटे धरली तरी ४८ मिनिटे गेली. उरलेल्या बारा मिनिटांत इतरांची सलाईन, वेदनाशामके, रक्तपेढीचे फोन आणि नवीन इमर्जन्सी. मग पहाटे एकाच शाईत ओळीने भरलेला तक्ता दिसतो, ज्यात श्वास रात्रभर मिनिटाला अठराच असतो. तो भरणाऱ्या परिचारिकेला मेमो देऊन हा प्रश्न सुटत नाही.

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी, आणि रजेसाठी ३० टक्के जादा. तीन पाळ्यांत विभागल्यावर हे प्रमाण प्रत्येक पाळीत नऊ रुग्णांमागे एक असे होते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात शस्त्रक्रियेच्या रुग्णांवर झालेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. परिचारिकेच्या वाट्याला एक रुग्ण वाढला, की तीस दिवसांतील मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली त्यात आढळली. कॅलिफोर्नियात तर हे प्रमाण कायद्यानेच ठरवले आहे. आपल्याकडे मे २०२२ मध्ये शासकीय परिचारिकांनी बाह्यस्रोतांद्वारे होणाऱ्या भरतीविरुद्ध संप केला, तेव्हा बहुतेकांना तो केवळ पगाराचा तंटा वाटला. वास्तविक कंत्राटावर येणारी-जाणारी माणसे असली, की नाडीचा चढ ओळखणारा अनुभव वॉर्डात साचतच नाही.

माझी मागणी मर्यादित आहे. शासकीय असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने सर्जिकल वॉर्डाच्या दाराशी फळा लावून त्यावर दर पाळीला दोन आकडे लिहावेत: दाखल रुग्ण आणि हजर परिचारिका. शस्त्रक्रियेचे वेळापत्रक ठरवताना टेबलांबरोबरच त्या रात्रीच्या परिचारिकांची संख्याही पाहावी, आणि ती अपुरी असेल तर तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी घ्याव्यात. आणि नातेवाईकांनी संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी खर्चाबरोबर एवढेही विचारावे, 'रात्री वॉर्डात सिस्टर किती असतात?'

आपली,
एक सेवानिवृत्त परिसेविका, सातारा