पत्र्याची सावली

पुणे, रविवार

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

क्ष-किरणांची दुर्बीण असते तरी कशी, असे तू मागच्या पत्रात विचारले होतेस. पृथ्वीचे वातावरण हे किरण वाटेतच शोषून घेते, म्हणून ती अवकाशात न्यावी लागते, हे तुला ठाऊक आहेच. तेव्हा थेट 'ॲस्ट्रोसॅट' या भारतीय खगोल-उपग्रहावरील सीझेडटीआय या क्ष-किरण टिपणाऱ्या उपकरणाविषयी लिहितो. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेला हा उपग्रह सुमारे ६५० किलोमीटर उंचीवरून फिरतो आणि या उपकरणाची निरीक्षणे आपल्या पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत हाताळली जातात.

इतक्या तीव्र किरणांपुढे साध्या दुर्बिणीची भिंगे-आरसे निरुपयोगी ठरतात. म्हणून येथे कॅडमियम-झिंक-टेल्युराइडच्या स्फटिकांवर, काही अंतर राखून, टँटलम या जड धातूचा अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा बसवला आहे. त्याला रांगोळीच्या छाप्यासारखी, पण चौकोनी, भोके आहेत. खाली जी सावली पडते तिच्यावरून किरण कोणत्या दिशेने आले हे गणिताने काढायचे. स्फटिक अवघे पाच मिलिमीटर जाड, पण त्यांच्यावर मिळून १६,३८४ चौकटी (पिक्सेल) आहेत. किरण आत शिरला की तेथे विद्युतभार सुटतो आणि भार जितका अधिक तितकी त्या किरणाची ऊर्जा अधिक.

मला खरे अप्रूप आहे ते या पत्र्याच्या उणिवेचे. किरणांची ऊर्जा शंभर किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या (हे ऊर्जेचे एकक) वर गेली की पत्राच काय, उपकरणाच्या भिंतीही किरणांना धड अडवू शकत नाहीत. चित्र पुसट होते खरे, पण आजूबाजूचे आकाशही उपकरणाच्या टप्प्यात येते. गॅमा किरणांचा, म्हणजे क्ष-किरणांहूनही तीव्र किरणांचा, स्फोट कधी आणि कोठे होईल हे कोणालाच आधी कळत नसल्याने हा गळकेपणा पथ्यावरच पडला: ६ ऑक्टोबर २०१५ला, म्हणजे काम सुरू झाल्याच्या पहिल्याच दिवशी, बाजूने आलेला एक स्फोट त्याने टिपला. (पहिल्या दिवशी आपल्या कचेरीतला छापखाना तरी चालला होता का?)

१७ ऑगस्ट २०१७ रोजी मात्र नशिबाने हात दिला नाही. दोन न्यूट्रॉन तारे (मृत ताऱ्यांचे अतिघन अवशेष) एकमेकांत विलीन झाले, त्यातून उठलेल्या गुरुत्वीय लहरींपाठोपाठ दोनेक सेकंदांत आलेला गॅमा स्फोट अमेरिकेच्या 'फर्मी' उपग्रहाने नोंदवला आणि ॲस्ट्रोसॅटच्या आड नेमकी पृथ्वी आली. पत्र्यातून आरपार पाहणाऱ्याला तिच्यापलीकडचे कसे दिसावे? पण ती कोरी नोंदही कामाची होती, कारण उपकरण चालू असूनही काही न दिसणे म्हणजे स्फोट आकाशाच्या झाकलेल्या भागात असण्याची खूण होती.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
अनिरुद्ध