लॅबमधल्या काकांना, मनापासून थँक्यू

काका, नमस्कार. उदगीरच्या व्हेटर्नरी कॉलेजातून माझं बीव्हीएससी झालं, रजिस्ट्रेशन नंबर पण हातात आला, आणि घरच्यांनंतर पहिलं पत्र तुम्हालाच लिहायचं हे कधीचं ठरलेलं. सगळ्यांसमोर लिहितेय कारण टेक्निशियन लोकांचं नाव कुठल्या सत्कारात येतच नाही.

पॅरासायटॉलॉजीत थायलेरिया, बबेसिया, म्हणजे गोचिडातून जनावराच्या रक्तात जाणारे परजीवी आणि त्यांचे आजार, सगळं वाचलं होतं हो, पण खरं शिकले ते क्लिनिकच्या लॅबमधे तुमच्या शेजारच्या स्टुलावर बसून. कानाच्या टोकाच्या शिरेतला पहिला थेंब घ्यायचा, स्लाइड तिरकी धरून एका दमात ओढायची, वाळली की मिथेनॉलमधे फिक्स, मग जिम्साच्या रंगात अर्धा तास, आणि तो अर्धा तास म्हणजे अर्धा तासच, बाहेर मालक कितीही घाई करू दे. "पोरी, डाग नीट बसला नाही तर मायक्रोस्कोप काय करंल" हे तुमचं वाक्य अजून कानात आहे.

आणि ते किती खरं आहे हे आता फिल्डवर रोज कळतंय. संकरित गाय, १०५-१०६ ताप, अंगावर गोचीड, खाणं बंद. लांबून दोन्ही आजार सारखेच वाटतात. बबेसियात लघवी लाल होते, थायलेरियात खांद्यापुढच्या गाठी सुजतात, पण प्रत्येक जनावर पुस्तकाप्रमाणे थोडंच वागतं? औषधं मात्र वेगळी, बबेसियाला डिमिनाझिन, थायलेरियाला बुपारवाक्वोन, आणि हे दुसरं इंजेक्शन एवढं महाग की दोन-तीन गायींवर घर चालवणाऱ्या माणसाला अंदाजाने लिहून द्यायला हात धजावत नाही. गाठीत सुई घालून स्लाइडवर काढलेल्या स्मिअरमधे ते निळे कॉकचे पिंड, म्हणजे थायलेरियाची खूण, दिसले की मी बिनधास्त सांगते, हेच द्या. हा बिनधास्तपणा तुमच्याकडून आलाय काका.

अजून एक. नळीवर मालकाचं नाव, गाव, जनावर, तारीख लिहिल्याशिवाय तुम्ही सॅम्पल हातात घ्यायचा नाहीत, मग आणणारे मोठे सर असोत की पहिल्या वर्षाचं पोरगं. मला ते फार आवडायचं. ज्याची गाय आहे त्याच्यासाठी ती नळी म्हणजे सगळं काही असतं आणि तुम्ही तिला तसंच वागवायचात.

खरं तर प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यात एक मायक्रोस्कोप आणि तुमच्यासारखा एक माणूस पाहिजे, डॉक्टर एकटा काय काय बघणार.

काकूंच्या डब्यातल्या ज्वारीच्या भाकरी आणि ठेच्यासाठी पण खूप खूप आभार, होस्टेलच्या पोरींना त्याने किती आधार दिला ते त्यांना नक्की सांगा. पोळ्याच्या आसपास उदगीरला येतेय, इकडच्या केसेसच्या स्लाइड्स जपून ठेवल्यात, त्यातल्या दोन तुम्हाला दाखवायच्याच आहेत.

तुमची,
शेजारच्या स्टुलावरची पोरगी