सुऱ्यांचा सेट तूर्त राहू द्या

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, लाकडी ठोकळ्यात खोचलेल्या सुऱ्यांचा सेट तुमच्या मनात भरलाय, असं आईकडून कळलं. अजून घेतला नसेल तर थांबा. त्यातल्या दोनच रोज हातात येतील, बाकीच्या नुसती जागा अडवतील. त्यापेक्षा १८-२० सेंटिमीटर पात्याची एक चांगली मोठी सुरी घ्या आणि ८-१० सेंटिमीटरची एक छोटी. पाव घरी कापत असाल तर दातेरी वेगळी. बास.

जपानी घ्यावी की जर्मन, हे तुम्ही विचारणारच. जपानी सुऱ्यांचं पोलाद बहुधा जास्त कडक असतं, रॉकवेल या कडकपणाच्या मापावर ६० किंवा त्याहून वर. धार खूप टिकते, पण कठीण वस्तूवर आपटली की टवका उडतो. जर्मन धाटणीच्या सुऱ्या ५५ ते ५८च्या आसपास. धार लवकर उतरते, पण लावायलाही सोपी. तुमच्या घरी हीच बरी. पात्यावर ‘एक्स ५० सीआर एमओ व्ही १५’ असं लचांड कोरलेलं दिसलं तर बिचकू नका. अर्धा टक्का कार्बन, साधारण १५ टक्के क्रोमियम आणि किंचित मॉलिब्डेनम-व्हॅनेडियम, एवढाच त्याचा अर्थ.

पण बाबा, एकटे जाऊ नका. सुरी आई धरणार आहे. आई, तुझ्या अंगठ्याचा सांधा दुखतो, म्हणून दुकानात प्रत्यक्ष धरून बघ. अंगठा आणि तर्जनी पात्याच्या बुडाशी, उरलेली तीन बोटं मुठीवर. पात्याची वरची कड बोटाला टोचते का? बोर्डवर टेकवल्यावर बोटांची पेरं खाली आपटतात का? यातलं एक जरी झालं तरी ती सुरी परत ठेव, दुकानदार काही का म्हणेना. २० सेंटिमीटरची जड वाटली तर १५-१६ची घे, त्यात कमीपणा नाही.

आणि धारेची भीती सोड. बोथट सुरी टोमॅटोच्या सालीवरून घसरते, मग तू जोर लावतेस, आणि तो जोर डाव्या हाताच्या बोटांवर येतो.

धार लावायचं खातं बाबांकडे. पोलादी दांड्याने धार लागत नाही, दुमडलेली कड फक्त सरळ होते. धार उतरली की १००० ग्रिटचा दगड लागतो (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचा बारीकपणा). सुरी दोन्ही बाजूंनी साधारण १५ ते २० अंशांत धरायची, आणि तो कोन शेवटपर्यंत बदलू द्यायचा नाही. सावकाश करा, घाई कसली आहे? काचेचा बोर्ड मात्र काढून टाका, त्याच्यावर कुठलीच धार टिकत नाही. सुरी सिंकमध्ये भांड्यांखाली पडू देऊ नका. स्टेनलेस असली तरी ओली राहिली की डाग धरते.

पातं किती लांबीचं घेतलंत ते कळवा, म्हणजे त्या मापाचं कव्हर इथून पाठवते.

तुमची,
ताई