पिपेटिंग रोबोट घ्यावेत, पण टिपांचा हिशेब मांडून

महोदय,

डीएनए अहवाल रखडल्याच्या बातम्या मुंबईकरांना नव्या नाहीत. मग तो न्यायालयात अडकलेल्या एखाद्या खटल्यातील अहवाल असो, की थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या वाहक तपासणीचा निकाल मिळावा म्हणून ताटकळणाऱ्या गरोदर स्त्रीचा. प्रत्येक बातमीनंतर मनुष्यबळ वाढवण्याची मागणी होते आणि ती रास्तच आहे. परंतु असलेले मनुष्यबळ दिवसभर कशात गुंतलेले असते, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. त्यातला मोठा वाटा एका नळीतला द्रव मोजून दुसऱ्या नळीत घालण्यात, म्हणजे पिपेटिंगमध्ये, जातो. हे काम आपल्या सार्वजनिक प्रयोगशाळांनी आता यंत्राकडे सोपवावे, असे या व्यवसायात उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्या निवृत्त तंत्रज्ञाचे मत आहे.

ज्यांनी हे काम पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे तपशिलात सांगतो. तळहाताएवढ्या प्लास्टिकच्या प्लेटमध्ये ८ ओळी आणि १२ रकाने, असे ९६ लहान खळगे म्हणजे वेल असतात आणि दोन शेजारच्या वेलच्या मध्यांतले अंतर असते ९ मिलिमीटर. रक्तातून चुंबकीय बीड्सच्या, म्हणजे सूक्ष्म मण्यांच्या, साहाय्याने डीएनए वेगळा करायचा झाल्यास प्रत्येक वेलमध्ये सुमारे दहा वेळा काही ना काही घालावे किंवा काढून घ्यावे लागते. एकेरी पिपेटने हे केले तर एका प्लेटमागे ९६० वेळा, आणि आठ तोंडांच्या पिपेटने केले तरी १२० वेळा अंगठा दाबणे आले. पुढे पीसीआर, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढणारी अभिक्रिया, लावताना तर नमुना जेमतेम दोन मायक्रोलिटरचा (मिलिलिटरच्या दोन हजारांश) असतो आणि तोही पारदर्शक द्रवात पारदर्शक, त्यामुळे आपण कोणत्या वेलपर्यंत आलो हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून जाणते तंत्रज्ञ टिपांच्या, म्हणजे पिपेटच्या तोंडाला दर वेळी नवे लावायच्या प्लास्टिकच्या टोकांच्या, डब्याचाच नकाशा करतात: तिसऱ्या ओळीच्या पाचव्या वेलसाठी डब्यातल्याही तिसऱ्या ओळीची पाचवीच टिप उचलायची, म्हणजे मध्येच कोणी हाक मारली तरी रिकामी भोके पाहून जागा सापडते. युक्ती नामी आहे, पण रुग्णाचा निकाल अशा युक्तीवर टिकून असावा, हे बरे नव्हे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. द्रव कमी-अधिक पडला तर ती चूक बहुधा पकडली जाते, कारण अभिक्रिया फसते किंवा कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच ठाऊक असलेला पडताळणीचा नमुना, बिघडतो. मात्र शेजारच्या दोन वेलमधील नमुन्यांची अदलाबदल झाली, तर कंट्रोल अचूक येतात, आलेखही देखणे येतात आणि दोन स्वच्छ, नीटनेटके, परंतु परस्परांच्या नावावरचे अहवाल बाहेर पडतात. वाहक असलेल्या जोडप्याला निर्धास्त करणारा अहवाल असाच हाती पडू शकतो. नळीवरचा बारकोड वाचून नमुना ठरल्या वेलमध्येच टाकणारा आणि प्रत्येक हालचालीची नोंद ठेवणारा रोबोट माझ्या मते वेगापेक्षा या एका कारणासाठी घेण्याजोगा आहे.

मुंबईला हे तंत्र अपरिचित नाही. जुलै २०२० मध्ये परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत कोविड चाचण्यांची मोठ्या क्षमतेची स्वयंचलित सुविधा सुरू झाली, तर ऑगस्ट २०२१ मध्ये महापालिकेच्या कस्तुरबा रुग्णालयात एका फेरीत ३८४ नमुन्यांची क्षमता असलेली जनुकीय क्रमनिर्धारणाची (जीनोम सिक्वेन्सिंगची) प्रयोगशाळा उभी राहिली. मात्र क्रमनिर्धारणाचे यंत्र कितीही वेगवान असले तरी त्याआधी प्रत्येक नमुन्याची लायब्ररी, म्हणजे यंत्राला वाचता येतील असे डीएनएचे तुकडे, तयार करावी लागते आणि ते काम बहुतांशी पिपेटिंगचेच असते.

रोबोटची बाजू मांडताना त्याच्या मर्यादा झाकून ठेवण्यात अर्थ नाही. साध्या रोबोटला नळीत काय आहे हे दिसत नाही. नमुना कमी असेल तर तो तितक्याच निष्ठेने हवा उचलतो आणि हवा सोडतो. रक्तात गुठळी असली की टिप तुंबते. ग्लिसरॉल असलेले एन्झाइम चिकट असते, त्यासाठी उचलण्याचा वेग वेगळा ठरवून द्यावा लागतो. रिएजंट, म्हणजे चाचणीची रसायनेही, तळाशी थोडे शिल्लक राहते म्हणून जास्तीचे घ्यावे लागते. दहा-बारा नमुन्यांसाठी रोबोट मांडत बसण्यापेक्षा सरावलेला हात लवकर मोकळा होतो, त्यामुळे एखाद्या कुटुंबातील दुर्मीळ आजाराचा शोध हा पुढेही हातानेच व्हावा. तंत्रज्ञांच्या नोकऱ्यांवर गदा येईल ही भीती मला फारशी पटत नाही; निकाल तपासायला माणसे नेहमीच अपुरी असतात, आणि अंगठ्याच्या मुळाशी कायमची कळ घेऊन निवृत्त होण्यात कसलाही मोठेपणा नाही.

खरे घोडे पेंड खाते ते खरेदीत. एका सरकारी संस्थेत मी असे यंत्र नव्याचे नऊ दिवस चाललेले आणि मग कापडाखाली झाकून ठेवलेले पाहिले आहे. यंत्रात बिघाड नव्हता, टिपा संपल्या होत्या. अनेक मोठ्या रोबोटना काळ्या टिपा लागतात. त्यांच्या प्लास्टिकमध्ये कार्बन मिसळलेला असल्याने त्यातून वीज वाहते आणि टिप द्रवाला टेकल्याचे यंत्राला कळते. अशा टिपा बहुधा त्याच कंपनीकडून घ्याव्या लागतात. यंत्राला एकदा भांडवली निधी मिळाला. टिपांसाठी दरवर्षी लागणारा पैसा कोणत्या शीर्षाखाली दाखवायचा, हे कोणी ठरवलेच नव्हते. त्यातच प्रोग्राम लिहिणारा मुलगा कंत्राटी होता, तो मुदत संपताच निघून गेला. कोविडकाळात जगभर टिपांचा तुटवडा झाला होता, हे ध्यानात घेता एकाच पुरवठादारावर विसंबणे अधिकच धोक्याचे आहे.

म्हणून महापालिकेने व राज्य शासनाने अशा यंत्रांच्या निविदा काढताना पाच वर्षांच्या टिपा, प्लेट आणि देखभाल करार यांची किंमत यंत्राच्या किमतीतच धरून बोली मागवावी. एकापेक्षा अधिक उत्पादकांच्या टिपा चालतील अशा यंत्रांना प्राधान्य द्यावे आणि प्रोग्राम बदलण्याचे प्रशिक्षण किमान दोन कायम तंत्रज्ञांना देण्याची अट घालावी. यंत्र ताब्यात घेताना पुरवठादाराच्या प्रमाणपत्रावर न थांबता प्रयोगशाळेने स्वतः तराजूवर पाणी तोलून पाहावे. एक मायक्रोलिटर पाणी जवळपास एक मिलिग्रॅम भरते, आणि ही तपासणी दर काही महिन्यांनी पुन्हा करण्यास सूक्ष्म तराजूपलीकडे काही लागत नाही.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
परळ, मुंबई