नाचणाऱ्या पायांसाठी

संगमेश्वर

चि. ओंकारास,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीत कथकच्या क्लासातली सगळी टोळी घेऊन गरम पाण्याच्या कुंडांवर यायचा बेत कळला. जरूर या. पण नडगीचं तू जे ओझरतं सांगितलंस ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले. फोनवर तू ‘हो गं आई’ म्हणतोस आणि विषय बदलतोस.

हाडावर एका बोटाने दाबलं की नेमकी तिथेच कळ येते, आणि त्याच जागी त्या मसाजवाल्याने अर्धा तास अंगठा रुतवला म्हणे. पुन्हा त्याच्याकडे जायचं नाही. पोटरी आखडली तर दुखणं पसरट असतं, चोळलं की बरं वाटतं. हाडावर बोटभर जागेत दुखत असेल, निजल्यावरही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. तिथे मालीश नको आणि शेकही नको. हाडाचा डॉक्टर गाठायचा आणि तोवर पाय आपटणं, तुमचा तो तत्कार, बंद. अशी चीर सुरुवातीला साध्या एक्स-रेत बरेचदा दिसत नाही, तेव्हा ‘एक्स-रे चांगला आला’ म्हणून लगेच घुंगरू बांधू नकोस.

तुमचा सगळा मारा तळव्यावर. अनवाणी, पूर्ण पाऊल फरशीवर, तेही तासन्‌तास. खाली सिमेंटवर बसवलेल्या टाइल्स असल्या की हादरा जिरायला जागा नाही. तो टाचेतून नडगीत, गुडघ्यात आणि कमरेत जातो. लाकडी जमीन निदान थोडी लवते. क्लास निवडताना तू गुरू बघितलेस, तबलजी बघितला. जमीन बघितलीस का?

तुला वाटतं अंग चोळून घेणं म्हणजे लाड. मग केरळात बघ. भारतपुळा नदीकाठी चेरुतुरुत्तीला कलामंडलम आहे, कवी वल्लत्तोळ यांनी 1930 मध्ये सुरू केलेलं. तिथे कथकळी शिकणाऱ्या पोरांना पावसाळ्यात पहाटे उठवून अंगभर तेल लावतात, आणि गुरू वरच्या दोरीला किंवा दांड्याला धरून स्वतःच्या पायांनी त्यांचं अंग रगडतात. उळिच्चिल म्हणतात त्याला. कळरीच्या, म्हणजे केरळातल्या जुन्या युद्धकलेच्या, तालमीतून आलेली रीत. कथकळीत पावलाच्या बाहेरच्या कडेवर, गुडघे फाकवून उभं राहायचं असतं, आणि ताठर अंगाला ते जमत नाही. म्हणजे मालीश हा तिथे शिक्षणाचाच भाग आणि ती जबाबदारी शिकवणाऱ्याची. रगडताना पोरं कळवळतात, तेव्हा ते सगळं सुखाचंच असतं असं मी म्हणत नाही. पण आपल्याकडे घुंगरू किती, पोशाख कुठला, फी कधी, सगळं क्लास सांगतो. पाय मात्र ज्याचे त्याने बघायचे. माझं भांडण आहे ते याच्याशी.

मालिशीने अंगातलं विष निघतं वगैरे कोणी सांगितलं तर सोडून दे. दमलेल्या स्नायूंतलं लॅक्टिक ॲसिड तासाभरात आपोआप ओसरतं. मालिशीने आखडलेपणा उतरतो, झोप लागते. एवढं पुरे की! काशाच्या वाटीने तळवे घासताना जे काळं येतं तीही अंगातली उष्णता नव्हे, तेल आणि धातूचं ते काम. म्हणून मी वाटी टाकलेली नाही. तुझे बाबा अजून गणपतीत जाखडी नाचून आले की आधी वाटी मागतात, मग चहा.

आता कुंडांचं. आपल्या कोकणातलं हे पाणी ज्वालामुखीचं नव्हे. पावसाचं पाणी कातळाच्या भेगांतून खोल उतरतं, तिथे तापतं आणि वर येतं. तुरळच्या कुंडाचं पाणी झऱ्यापाशी साठ अंशांच्या आसपास असतं. त्यात पाय घातला तर काही क्षणांत फोड येतील. राजापूरजवळच्या उन्हाळे गावात गोमुखातून पडतं ते चाळिशीतलं, सोसवणारं. तुमच्या तळव्यांना घट्टे पडलेत, त्यांना चटका उशिरा कळतो. म्हणून पाणी पायाने नाही, कोपराने बघायचं. पंधरा मिनिटं पुरेत. ताडकन उठायचं नाही, गरम पाण्याने रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. उपाशी जायचं नाही, बरोबर प्यायचं पाणी घ्यायचं. कुणाचा घोटा नुकताच मुरगळून सुजला असेल तर त्याने काठावर बसावं. पहिले दोन दिवस बर्फच बरा. टाचांच्या भेगा उघड्या असतील त्यानेही सार्वजनिक कुंडात उतरू नये.

भेगांसाठी भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, काढून ठेवलंय, यंदाचंच. रात्री पाय धुऊन कोरडे करायचे, गोळ्याचं टोक निखाऱ्यावर धरायचं, पाघळलं की थेंब थेंब भेगेत सोडायचा. पहिल्या थेंबाला तू लहानपणी घर डोक्यावर घ्यायचास. वर जुने मोजे घालून झोपायचं. तुमच्या त्या महागड्या क्रीमचा मला राग नाही, पण भेगेत बसून राहतं ते हेच.

किती जण येणार, त्यात मुली किती, कळव. अंथरुणं शेजारून आणावी लागतील. आणि हाडाच्या डॉक्टरची वेळ घेतलीस की नाही, ते त्याच्या आधी कळव.

तुझी,
आई